सुखासीनता (ख्रिस्ती अध्यात्मविचार)

सुखासीनता : अन्न, वस्त्र, निवारा, पैसा यांची ददात नसलेल्या आयुष्यात श्रद्धेला नकळत येणारे शैथिल्य. ख्रिस्ती परंपरेत धनलोभ हे पाप म्हणून वेगळे मोजले जाते. सुखासीनता त्याच्या शेजारची, पण निराळी अवस्था आहे. लोभी माणसाला आणखी हवे असते आणि ती हाव कधीतरी त्याला स्वतःलाही टोचते. सुखासीन माणसाला फारसे काही नकोच असते. आहे ते पुरेसे आहे आणि उद्याही राहील, एवढ्यावर तो निश्चिंत असतो. त्याने कुणाला लुबाडलेले नसते, खोटी साक्ष दिलेली नसते, रविवारची उपासनाही चुकवलेली नसते. त्यामुळे पश्चात्ताप कशाचा करायचा, हेच त्याला कळेनासे होते. हा धोका ओळखणे इतके कठीण आहे ते याच कारणाने.

पवित्र शास्त्रातील विचार

जुन्या करारात या धोक्याचे नाव ‘विसरणे’ असे आहे. वचनदत्त देशात शिरण्याआधी मोशे इस्राएल लोकांना बजावतो, ते ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात येते : पोटभर जेवाल, चांगली घरे बांधून राहाल, गुरेढोरे आणि सोनेरुपे वाढेल, तेव्हा मन उन्मत्त होऊ देऊ नका आणि मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून सोडवणाऱ्या परमेश्वराला विसरू नका. हा इशारा रानात भटकणाऱ्या, देवाने पुरवलेले अन्न, मान्ना, रोजच्या रोज वेचून खाणाऱ्या लोकांना दिलेला आहे. मान्ना साठवला की नासत असे, त्यामुळे देवावर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते. धान्याची कोठारे आली की ते विसंबणे आपल्या मर्जीवर येते, आणि मर्जीवर आलेली गोष्ट मागे पडत जाते. संदेष्ट्यांनी हेच कठोर शब्दांत मांडले. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या आणि सियोनात (यरुशलेमात) स्वस्थ बसलेल्या लोकांना आमोस धिक्कारतो. देवाने नाश केलेल्या सदोम नगराचा अपराध सांगताना यहेज्केल (16:49) गर्व, अन्नाची रेलचेल आणि निश्चिंत स्वास्थ्य असूनही दीनदुबळ्यांना हात न देणे, हे आधी सांगतो. सदोमाच्या नावाशी सहसा जोडल्या जाणाऱ्या पापांकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे वचन जरूर वाचावे.

येशूच्या दोन दाखल्यांत हा विषय सर्वांत खोल जातो. पहिला मूर्ख धनवानाचा (लूक 12). त्याच्या जमिनीला उदंड पीक येते. पिकात गैर काही नाही. तो कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवतो आणि आपल्याच जिवाशी बोलतो : पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता विसावा घे. त्या साऱ्या स्वगतात ‘मी’ आणि ‘माझे’ यांखेरीज दुसरे माणूस नाही, आणि देवही नाही. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

दुसरा दाखला श्रीमंत माणूस आणि दरिद्री लाजर यांचा (लूक 16). श्रीमंताने लाजराला हाकलले, मारले, शिव्या दिल्या, असे कुठेही म्हटलेले नाही. लाजर फक्त त्याच्या दाराशी पडून होता. मृत्यूनंतर यातना भोगताना श्रीमंत मान वर करून पाहतो आणि लाजराला नावाने ओळखतो. म्हणजे नाव त्याला आधीपासून ठाऊक होते! तरीही तो लाजराशी बोलत नाही. अब्राहामाला म्हणतो, त्याला पाणी घेऊन माझ्याकडे पाठव. इतके घडूनही लाजर त्याच्या लेखी निरोप्याच राहतो. सुखाने माणूस क्रूर होतो असे या दाखल्यात नाही. समोरचा माणूस दिसूनही तो आपल्या आयुष्यात येत नाही, ही आतली बधिरता येशूने दाखवली आहे.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मार्क 4) संसाराच्या चिंता आणि द्रव्याचा मोह हे काटे आहेत. ते बी उपटून टाकत नाहीत, बियाबरोबरच वाढतात आणि त्याची वाढ खुंटवतात. मार्क 10 मध्ये येशूकडे आलेला धनवान मनुष्य लहानपणापासून आज्ञा पाळणारा होता. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असे मार्क आवर्जून नोंदवतो, आणि तरी तो खिन्न होऊन निघून गेला. पुढे उंट आणि सुईचे नाक यांचे वचन येते. ‘सुईचे नाक’ हा यरुशलेमच्या तटातला एक अरुंद दरवाजा होता आणि ओझे उतरवून उंटाला त्यातून जाता येई, असे स्पष्टीकरण प्रवचनांतून अजूनही ऐकू येते. असा दरवाजा असल्याचा प्राचीन पुरावा नाही. येशूने अशक्य तेच सांगितले, आणि मनुष्याला जे अशक्य ते देवाला शक्य आहे, असे लगेच पुढे म्हटले. सुईचे नाक रुंद केले की कृपेची गरजच उरत नाही.

लावदिकीया

नव्या करारातील शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकात सात मंडळ्यांना (स्थानिक चर्चना) लिहिलेल्या पत्रांपैकी लावदिकीयाच्या पत्रात कौतुकाचा एकही शब्द नाही. छळ नाही, खोटे शिक्षक नाहीत, उघड अनाचारही नाही. आरोप एवढाच : तू कोमट आहेस, आणि ‘मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही’ असे म्हणतोस. आजच्या तुर्कस्तानात देनिझ्लीजवळ अवशेषरूपाने उरलेले हे शहर पैशाचे व्यवहार, काळी लोकर आणि वैद्यकी यांसाठी नावाजलेले होते. इ.स. 60 मध्ये भूकंपाने ते कोसळले, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर ते पुन्हा उभे राहिले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. नगर म्हणून ही अभिमानाचीच गोष्ट होती. पण ‘कुणाची गरज नाही’ ही नगराची वृत्ती मंडळीतही उतरली, आणि अग्नीत शुद्ध केलेले सोने, शुभ्र वस्त्रे आणि डोळ्यांत घालायचे अंजन माझ्याकडून विकत घे, असा सल्ला तिला मिळाला. ज्या तीन गोष्टींचा त्या शहराला गर्व, त्याच तीन बाबतींत ती मंडळी दरिद्री, नग्न आणि आंधळी ठरली. ‘पाहा, मी दाराशी उभा आहे आणि दार ठोठावत आहे’ हे लाडके वचन याच पत्रातले आहे. भिंतीवर टांगताना त्याचा संदर्भ सुटून जातो. ख्रिस्त तिथे आपल्याच मंडळीच्या दाराबाहेर उभा आहे.

आरंभीची शतके

सम्राट देसियसने 250 मध्ये सर्वांना रोमन देवतांपुढे यज्ञ करण्याचा हुकूम दिला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या मंडळीतले पुष्कळजण मुकाट्याने वेदीपुढे जाऊन उभे राहिले. तेथील बिशप सिप्रियन याने पुढच्या वर्षी या पडझडीची कारणे लिहिली. त्याच्या मते घाव छळाने घातला असला तरी कीड आधीच्या लांबलेल्या शांततेत लागली होती. प्रत्येकजण मालमत्ता वाढवण्यात गुंतला होता. पळून जाऊन विश्वास राखता आला असता, पण घरदार आणि जमीनजुमला हीच बेडी झाली. सिप्रियन स्वतः सधन होता आणि ख्रिस्ती झाल्यावर त्याने आपली पुष्कळ संपत्ती गरिबांत वाटली होती. त्यामुळे त्याच्या लिहिण्याला वजन आहे.

अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने त्याआधी, इ.स. 200 च्या सुमारास, वेगळी बाजू मांडली होती. टाकायची आहे ती संपत्तीची आसक्ती. संपत्ती हे साधन आहे, ते चांगलेही वापरता येते आणि वाईटही. हा विचार खोटा नाही. सर्वांनीच सर्व काही टाकले, तर उपाशी माणसाला जेवू कोण घालणार, हा त्याचा प्रश्न आजही खराच आहे. मात्र ‘माझी आसक्ती नाही’ हे ठरवणारा जो तो स्वतःच असतो, आणि वस्तू हातची जाईपर्यंत त्या दाव्याची परीक्षा होत नाही. पुढच्या शतकांत क्लेमेंटच्या आडोशाला राहणे पुष्कळांना सोयीचे गेले, असे स्पष्ट म्हणायला हवे.

313 नंतर छळ थांबला आणि ख्रिस्ती असणे प्रतिष्ठेचे होत गेले. मिसरच्या वाळवंटात जाऊन राहण्याची ओढ याच शतकात फोफावली, तरी तिची सुरुवात आधीची. संत अंतोनीने 270 च्या सुमारास ‘जा, तुझे असेल नसेल ते विक’ हे शुभवर्तमान ऐकले आणि वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली. वाळवंटातील या साधकांनी एक गोष्ट अनुभवाने शोधून काढली : सुख मागे सोडता येते, सुखाची ओढ बरोबर येते. त्यांच्यातल्या एव्हाग्रियसच्या मते धनाचा विचार साधकाकडे चैनीचे रूप घेऊन येतच नाही. तो लांबलेले म्हातारपण, हातापायांतले गेलेले बळ, दुष्काळ, आजार आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज यांची चित्रे दाखवतो. म्हणजे या विचाराचे मूळ भीतीत आहे. जॉन कॅसियनने पाहिलेले साधक तर मोठमोठ्या इस्टेटींवर पाणी सोडून आलेले होते, आणि एखादा चाकू किंवा लेखणी कुणी उचलली म्हणून संतापत होते.

शहरांत राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी हा विचार बेसिल आणि योहान ख्रिसोस्तोम या चौथ्या शतकातील धर्मगुरूंनी मांडला. कप्पदुकियात (आजच्या तुर्कस्तानातील प्रदेशात) 368-69 च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा बेसिलने मूर्ख धनवानाच्या दाखल्यावर प्रवचन करताना सांगितले, की तुझ्या पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे. त्यानंतर कैसरिया शहराबाहेर त्याने आजारी आणि निराधार लोकांसाठी मोठी वसाहत उभारली.

कष्टातून संपत्ती, संपत्तीतून शैथिल्य

मठांच्या इतिहासात एक चक्र पुन्हा पुन्हा फिरताना दिसते. बेनेडिक्टच्या नियमावलीने (सहावे शतक) मठवासीयाला स्वतःचे म्हणून काहीही बाळगू दिले नाही आणि रोज अंगमेहनत करायला लावली. काटकसर आणि कष्ट एकत्र आले, की शिल्लक पडणारच. मठ श्रीमंत झाले. त्याला कंटाळून 1098 मध्ये सीतो येथे साधेपणाच्या ध्यासाने सिस्टर्शियन पंथ निघाला. त्यांनी ओसाड जमिनी लागवडीखाली आणल्या, मेंढ्या पाळल्या आणि काही पिढ्यांत तेही लोकरीच्या व्यापारात गबर झाले. असिसीच्या फ्रान्सिसने (मृत्यू 1226) वैयक्तिकच काय, सामूहिक मालकीही नाकारली. त्याच्या मागे शंभर वर्षांच्या आत त्याच्या अनुयायांत वापर आणि मालकी यांतल्या फरकावर इतका कडवा वाद पेटला, की पोपना निवाडा द्यावा लागला.

हे कोडे सर्वांत प्रांजळपणे मांडले मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने. जमेल तितके कमवा, जमेल तितके वाचवा, जमेल तितके द्या, असे त्याने मेथडिस्ट लोकांना शिकवले होते. उतारवयात, 1786 मध्ये, त्याने खेदाने लिहिले की खरा धर्म माणसाला उद्योगी आणि काटकसरी करतो, त्यातून संपत्ती येते, आणि संपत्तीबरोबर गर्व, राग आणि जगाची ओढ वाढते. मग धर्माचे नुसते रूप उरते. यावर त्याला एकच उपाय दिसला : तिसरी आज्ञाही पहिल्या दोघींइतकीच पाळणे. पण लोक पहिल्या दोन पाळत आणि तिसरीपाशी थांबत. पुढे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने भांडवलशाहीच्या उगमाची मीमांसा करताना वेस्लीचा हाच उतारा पुरावा म्हणून वापरला. वेस्लीने मात्र तो जड मनाने, स्वतःच्याच लोकांबद्दल लिहिला होता.

आधुनिक काळ

विसाव्या शतकात अमेरिकेत रुजून जगभर पसरलेल्या ‘समृद्धीच्या सुवार्ते’ने धन आणि आरोग्य हे विश्वासाचे हक्काचे फळ मानले. येथे सुखासीनतेचा धोका उरत नाही, कारण तिलाच आशीर्वाद हे नाव मिळते. घानातील आक्रोपाँग येथे 2008 आणि 2009 मध्ये भरलेल्या लोझान चळवळीच्या (सुवार्ताप्रसाराच्या जागतिक ख्रिस्ती चळवळीच्या) आफ्रिकी बैठकांतून या शिकवणीवर सविस्तर टीका झाली. याच चळवळीच्या 1974 च्या करारात सुस्थितीतील ख्रिस्ती लोकांनी साधी राहणी पत्करण्याचे कर्तव्य मान्य केले होते. जर्मन ईश्वरविद्यातज्ज्ञ डीट्रिक बॉनहोफरने 1937 मध्ये ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला. क्रूसाविना, शिष्यत्वाविना मिळणारी क्षमा, असा त्याचा रोख होता. त्यात पैशाचा प्रश्न मुख्य नाही. पण पाठीमागे उभी आहे ती सुस्थिर, आदरणीय, कशाचीही किंमत न मोजणारी मंडळीच.

सुखाचा निषेध नव्हे

ख्रिस्ती विचारात सृष्टी चांगली आहे. देव उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो, असे पौल तीमथ्याला लिहितो, तेही धनवानांना इशारा देतानाच. बेथानीत बहुमोल सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीला इतरांनी दोष दिला तेव्हा येशूने तिची बाजू घेतली. दारिद्र्य हेही आपोआप पुण्य नाही. नीतिसूत्रांतील आगूर देवाकडे दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही. उपाशी माणसाला साधेपणाचे प्रवचन देणे हा अन्याय आहे, हे लॅटिन अमेरिकेतील मुक्तिवादी ईश्वरविद्येने ठणकावून सांगितले. लादलेली गरिबी हे पाप, आणि गरिबांच्या बाजूने उभे राहण्यासाठी स्वेच्छेने पत्करलेली गरिबी हे शिष्यत्व.

क्रूसभक्त संत योहानाने सोळाव्या शतकात हा विचार आणखी आत नेला. प्रार्थनेत मिळणारा गोडवा हीसुद्धा सुखसोय होऊ शकते, आणि माणूस देवाऐवजी त्या गोडव्याच्याच मागे लागतो. पक्षी जाड दोरीने बांधलेला असो की बारीक धाग्याने, धागा तुटेपर्यंत तो उडू शकत नाही, हा त्याचा दृष्टान्त आहे.

साधना

परंपरेने सांगितलेले उपाय साधे आहेत : उपास, प्रार्थना, दान, आतिथ्य. त्यांत उपासाचे काम शरीराला शिक्षा करणे हे नाही. आपण कशावर जगतो याची आठवण तो पोटाला करून देतो, म्हणजे ‘अनुवाद’ पुस्तकात सांगितलेल्या विसरण्यावरचाच तो उपाय आहे. दानाविषयी ख्रिसोस्तोमचा एक सल्ला फार व्यवहारी आहे. घरात जिथे प्रार्थनेला उभे राहता, तिथेच गरिबांसाठी एक लहान पेटी ठेवा आणि आधी तिच्यात काहीतरी टाकून मग प्रार्थनेला सुरुवात करा.