भंगारातला इन्सर्ट आणि सर्मेटचा जागतिक व्यापार

लेथवर पोलाद कापणारा इन्सर्ट, म्हणजे हत्याराला बसवायचे बदलता येणारे कापणारे टोक, तळहातावर घेतला, की नखाएवढ्या त्या तुकड्याचे वजन चकित करते. त्याची घनता पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असते. टंगस्टन कार्बाइडचे अतिकठीण कण आणि त्यांना धरून ठेवणारा, बहुधा ६ ते १२ टक्के कोबाल्ट, असे हे मिश्रण आहे. दोन्हींची पूड साच्यात दाबून सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की कोबाल्टचा द्रव कणांमधल्या फटींत शिरतो आणि तुकडा आकसून घट्ट होतो. हे तंत्र १९२०च्या दशकात जर्मनीत विकसित झाले आणि क्रुप कंपनीने ते ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखे’, या नावाने बाजारात आणले.

सर्मेट म्हणजे सिरॅमिक आणि धातू यांचे मिश्रण. वर्कशॉपमध्ये ‘सर्मेट’ म्हटले, की टायटॅनियम कार्बोनायट्राइडचा इन्सर्ट समजला जातो. सीमाशुल्काच्या भाषेत मात्र टंगस्टन कार्बाइडचे इन्सर्टही सर्मेटच ठरतात, आणि हा फरक माहीत नसेल तर व्यापाराचे आकडे चुकीचे वाचले जातात. मालाच्या सीमाशुल्क वर्गीकरणात प्रत्येक गटाला चार अंकी शीर्षक असते. सुटा इन्सर्ट ८२०९ या शीर्षकाखाली मोजला जातो, तर सर्मेटचे टोक बसवलेला खडक फोडण्याचा ड्रिल बिट ८२०७ मध्ये जातो. ८११३ हे शीर्षक सर्मेटच्याच नावाचे असले, तरी तिथे उरलेल्या वस्तू आणि भंगार एवढेच येते. तेवढेच पाहून या व्यापाराचा अंदाज बांधणे मला धोक्याचे वाटते.

कच्चा माल तर फारच थोड्या हातांत आहे. जगातील टंगस्टनच्या खाणकामात चीनचा वाटा सुमारे चार पंचमांश आहे आणि कोबाल्टच्या खाणकामात काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा वाटा निम्म्याहून बराच अधिक. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या अनेक उत्पादनांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, आणि त्याच महिन्यात काँगोने कोबाल्टची निर्यात थांबवली. पुढे तिथे कोटा पद्धत आली.

म्हणूनच झिजलेल्या इन्सर्टच्या भंगाराला मोल आहे. वितळलेल्या जस्तात तो ठेवला, की जस्त कोबाल्टमध्ये शिरून त्याला फुगवते, तुकडा भुसभुशीत होतो आणि निर्वात भट्टीत जस्त उडून गेल्यावर कार्बाइड व कोबाल्टची पूड हाती लागते. ८११३ खाली आयात झालेले भंगार अशी पूड होऊन पुन्हा निर्यात झाले, तर त्याची नोंद ३८२४ या रसायनांच्या शीर्षकाखाली होते.