सातमाशाचा श्वास आणि पाच सेंटीमीटर पाणी

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं दगावतं." साताऱ्यात काय, सांगलीत काय, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर बसलेल्या नातेवाइकांत कुणीतरी वडीलधारं हे म्हणतंच. बाळ ३३ आठवड्यांचं असेल तर ते ऐकून आईच्या पोटात गोळा येतो आणि २९ चं असेल तर घरचे उगाच निश्चिंत होतात.

समजूत जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकात ती होती. आयुर्वेदानेही आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा मानला. प्रत्यक्षात ३२ आठवड्यांचं बाळ २८ च्या बाळापेक्षा सुरक्षित आणि ३४ चं ३२ च्यापेक्षा. मधे कुठेही उलटा खड्डा नाही. मग समजूत टिकली कशी? एक तर जगलेल्या सातमाशाची गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते, न जगलेल्याची कुणी काढत नाही. दुसरं म्हणजे हिशोबाचा घोळ. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पूर्ण मुदत ४० आठवडे. घरी मात्र पाळी चुकल्यापासून महिने धरतात. त्यामुळे घरचा सातमाशा डॉक्टरांच्या कागदावर ३४ आठवड्यांचा निघू शकतो. आणि फुप्फुसाच्या दृष्टीने ३० आणि ३४ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फुप्फुसात हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, वायुकोश. त्या आतून ओल्या असतात आणि सगळी अडचण त्या ओलीचीच. धुऊन एकावर एक ठेवलेल्या स्टीलच्या ताटल्या ओढल्या तरी सुटत नाहीत, तशा ओल्या वायुकोशाच्या भिंती मिटल्या की चिकटून बसतात. पाण्याचा पृष्ठताण हे त्याचं कारण. गोल पिशवी मिटवू पाहणारा दाब किती, याचं सूत्र लाप्लासने दिलं: ताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. आता आकडे घाला. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७० मिलीन्यूटन, वायुकोशाची त्रिज्या ५० मायक्रोमीटर धरली, तर दाब येतो २८०० पास्कल, म्हणजे जवळजवळ २८ सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. त्रिज्या निम्मी झाली की दाब दुप्पट. म्हणजे पिशवी जसजशी लहान होते तसतशी ती आणखी जोराने मिटते. उच्छ्वास सोडला की कोसळली, आणि पुढच्या श्वासाला पुन्हा पहिल्यापासून उघडायची. हजार-बाराशे ग्रॅमचं बाळ मिनिटाला साठ-सत्तर वेळा ही कसरत करतं आणि काही तासांत थकतं.

तुमच्या-आमच्या फुप्फुसात हे होत नाही, कारण वायुकोशाच्या भिंतीतल्या काही पेशी सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवतात. त्यात मुख्यतः फॉस्फोलिपिड आणि थोडी प्रथिनं असतात. त्याची खुबी अशी, की तो पृष्ठताण नुसता कमी करत नाही, पिशवी लहान झाली की जास्त कमी करतो. उच्छ्वासाच्या वेळी पृष्ठभाग आक्रसतो, रेणू दाटीवाटीने एकमेकांना भिडतात आणि ताण शून्याजवळ जातो. सूत्रात छेदस्थानी त्रिज्या घटते, पण अंशस्थानचा ताण तिच्याहून वेगाने घटतो, म्हणून दाब वाढतच नाही. वरचं गणित डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच धरा: फुप्फुस मिटू नये याची सोय फुप्फुसानेच केलेली असते. ही सोय साधारण २४ व्या आठवड्यानंतर सुरू होते आणि पुरेशी व्हायला ३४-३५ वा आठवडा उजाडतो.

फुप्फुस असं मिटत जाण्याच्या आजाराने गेलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसात हाच पदार्थ कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. तरी १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा, साधारण ३४ आठवड्यांचा मुलगा दोन दिवसही जगू शकला नाही. कारण कळलं होतं, उपाय हाती नव्हता. बाहेरून सरफॅक्टंट देऊन बाळं वाचवल्याचं जपानमध्ये फुजिवारा यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. आज डुकराच्या किंवा गाईच्या फुप्फुसातून काढलेलं औषध मिळतं. डुकराचं नेहमीच्या पहिल्या डोसाला किलोला अडीच मिली, म्हणजे १२०० ग्रॅमच्या बाळाला ३ मिली. कुपी फ्रीजमधून काढून तळहातात धरून कोमट करायची, हलवायची नाही (फेस होतो), आणि बारीक नळीने थेट श्वासनलिकेत सोडायची. औषध महाग आहे आणि प्रत्येक बाळाला लागत नाही.

कारण त्याआधी सीपॅप आहे, म्हणजे नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा देणं. असं बाळ कण्हतं, हे नातेवाइकांनी ऐकलेलं असतं. ते रडणं नव्हे. उच्छ्वास सोडताना बाळ स्वरयंत्र अर्धवट बंद करतं, म्हणजे थोडी हवा आत अडकून राहते आणि वायुकोश पूर्ण मिटत नाहीत. सीपॅप तेच काम बाळासाठी करतो. १९७१ मध्ये ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी तो बाळांवर यशस्वी करून दाखवला.

बबल सीपॅपची मांडणी डोळ्यांना कळेल इतकी साधी आहे. हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर, मिनिटाला ५ ते ८ लिटर प्रवाह, तो ३७ अंशांपर्यंत गरम आणि दमट करणारा ह्युमिडिफायर, नाकातल्या दोन आखूड नळ्या म्हणजे प्रॉंग्ज, आणि परतीची नळी पाण्याच्या बाटलीत ५ सेंटीमीटर बुडवलेली. नळी जितके सेंटीमीटर खाली, तितका दाब. वर २८ आले होते आणि इथे ५ च कसे पुरतात? कारण इथे मिटलेली पिशवी उघडायची नसते, उघडी आहे ती मिटू द्यायची नसते. शिवाय थोडं सरफॅक्टंट बहुतेक बाळांत असतंच. म्हणूनच सीपॅप लवकर लावावा लागतो. फुप्फुस कोसळल्यावर लावला तर पाच सेंटीमीटर अपुरे पडतात.

बुडबुडे थांबले की नर्स प्रॉंग्ज काढून बोटाने बंद करते. बुडबुडे आले तर गळती नाकाशी किंवा उघड्या तोंडातून आहे. नाही आले तर जोडणीत कुठेतरी. नळीत साचलेलं पाणी परत बाटलीत उतरतं, पातळी एक सेंटीमीटर चढली की दाबही एक सेंटीमीटर वाढतो, आणि फाजील दाबाने फुप्फुस फाटू शकतं. प्रॉंग्ज नाकाच्या मधल्या पडद्याला टेकल्या तर तिथे जखम होते. पोट हवेने फुगतं, म्हणून तोंडातून जठरात नळी घालून तिचं टोक उघडं ठेवतात. हे सारं दर काही तासांनी बघायला माणूस लागतो. गावच्या चौकात 'अत्याधुनिक व्हेंटिलेटर'चे फलक लावणाऱ्यांना व्हेंटिलेटर किती ते विचारू नका. रात्रपाळीला एका नर्सकडे किती बाळं असतात, ते विचारा.

खरी स्वस्त गोष्ट जन्माआधीची आहे. लिगिन्स या न्यूझीलंडच्या डॉक्टरला १९६० च्या दशकात दिसलं की स्टेरॉईड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरंही श्वास घेतात. सरफॅक्टंट स्रवणाऱ्या त्या पेशी लवकर कामाला लागतात. हॉवी यांच्यासोबत त्याने १९७२ मध्ये ते गरोदर स्त्रियांत सिद्ध केलं. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोन या स्टेरॉईडची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर १२ तासांनी. पाटणच्या डोंगरातून किंवा जतच्या टोकावरून १०८ ने निघायच्या आधी पहिलं इंजेक्शन झालंय का, हे बरोबरच्या माणसाने जरूर विचारावं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार पाठवण्याआधीचा हा डोस एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्सही देऊ शकते. बाळ वाटेतच झालं तर आंघोळ नको, पुसून कोरडं करून आईच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण. गारठलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि सरफॅक्टंट कमी तयार होतं. महाबळेश्वर-जावळीच्या थंडीत हे विशेष. शेगडीची ऊब आणि ओवा-वावडिंगाची धुरी अशा फुप्फुसाला देणं म्हणजे आगीत तेल. मध, घुटीही नको. चीक तेवढा काढून आणून द्यायचा, २४ तासांत आठ वेळा, रात्रीसुद्धा.

राहिला ऑक्सिजन. तो जास्त दिला म्हणजे जास्त बरं, असं नाही. ऑक्सिजन चालू असताना रक्तातली पातळी ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात, कारण फाजील ऑक्सिजनने दृष्टिपटलाच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून अंधत्व येऊ शकतं. म्हणून ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची नेत्रतपासणी चौथ्या आठवड्याच्या आत, आणि २८ आठवड्यांखालच्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळाची त्याहूनही आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर बाळ घरी गेलेलं असतं, बाळंतीण माहेरी असते आणि डिस्चार्ज कार्डावरची तारीख सवा महिन्यानंतर बघू म्हणून पुढे ढकलली जाते. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, घरी काही कळत नाही. लेझर लागणार असं ठरलं तर तो ४८ ते ७२ तासांत व्हावा लागतो.