लहान लेकरांना घेऊन नागपूरची सहल : निघण्याआधी घरच्यांसाठी माहिती

नमस्कार.

भिवापूर आणि आसपासच्या गावांतून आमच्या दोन गाड्या चालतात. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याच्या खेपा, रामटेकचं दर्शन, सगळ्यांसाठी आम्ही जातो. पण अंगणवाडीपासून चौथीपर्यंतच्या लेकरांची सहल ठरवायला कोणी आलं, की आम्ही त्यांना आधी बसवून चहा देतो आणि दहा मिनिटं बोलतो. ते बोलणं या पत्रकात लिहून काढलं आहे. गाडी भाऊ चालवतात, लेकरांसोबत मी असते. गाडीच्या धंद्यात येण्याआधी मी बालवाडी चालवत होते.

पहिली गोष्ट सरळ सांगते. लेकरं आठ वर्षांच्या आतली असतील तर आम्ही एका दिवसात एकच मोठं ठिकाण घेतो. "एवढे पैसे देतो, तर पाच जागा तरी दाखवा" असं पुष्कळ जण म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं आम्हाला कळतं. नागपूर काही रोज होत नाही. पण पाच जागांची सहल आम्ही करून पाहिली आहे.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. सकाळी सहाला निघालो आणि पाच ठिकाणं घेतली. प्रत्येक ठिकाणी चपला घाला, रांग करा, लघवीला जा, पाणी प्या, परत गाडीत बसा. निम्मा दिवस चढण्या-उतरण्यातच गेला. तिसऱ्या ठिकाणाहून निघताना डोकी मोजली तर एक कमी. दहा मिनिटं आम्ही सगळे नाव घेऊन ओरडत पळत होतो. पोरगा गाडीतच होता, मागच्या सीटखाली पिशव्यांच्या मधे गाढ झोपलेला. म्हणजे तो त्या ठिकाणी उतरलाच नव्हता, आणि उतरताना आम्ही मोजलं नव्हतं. चूक आमचीच होती. संध्याकाळी परतताना मी लेकरांना विचारलं, काय आवडलं? सर्वांत जास्त मुलांनी सांगितलं, गाडीची खिडकी. तेव्हापासून पाच जागांची सहल बंद केली.

मग कुठे जायचं?

लहानांसाठी आमचा पहिला सल्ला गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र. १९९२ साली सुरू झालं. नाव सर चंद्रशेखर व्यंकट रमण यांचं, ज्यांना १९३० चं नोबेल मिळालं. मोठ्या मुलांना हे सांगा. पाच वर्षांच्या लेकराला त्याचं काही नसतं, त्याला तिथे हात लावायला मिळतो हे मोठं असतं.

आपल्या लेकरांना घराबाहेर पडल्यापासून एकच वाक्य ऐकायला मिळतं, "हात लावू नको". दुकानात, देवळात, पाहुण्यांच्या घरी. आणि लहान लेकरू तर हातानंच बघतं. मुलांचं संग्रहालय ही कल्पना याच गोष्टीवर उभी आहे. जगातलं पहिलं खास मुलांचं संग्रहालय १८९९ साली अमेरिकेत ब्रुकलिनला उघडलं. आपल्याकडे मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रानं १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, मोकळ्या जागेत विज्ञानाची बाग केली. मुलं तिथे झोके, चाकं, कप्प्या ओढून-ढकलून पाहू शकत. नागपूरचं केंद्र त्याच कुटुंबातलं. म्हणून तिथे गेल्यावर तरी मेहेरबानी करून "हात लावू नको" म्हणू नका. जिथे हात लावायचा नाही तिथे तशी पाटी असते, ती मी वाचून दाखवते.

आरशांपुढे घाई करू नका. एकदा पहिलीतली एक मुलगी खोलगट आरशासमोर उभी राहिली. अगदी जवळ होती तेव्हा तिला आपलं नाक भोपळ्याएवढं दिसलं, ती हसली. मग एकेक पाऊल मागे सरकत गेली. चेहरा पसरला, पुसट झाला, आणि पुढच्या पावलाला एकदम डोकं खाली, पाय वर! "माहं डोकं खाली गेलं वं ताई!" म्हणून तिनं आधी स्वतःचं डोकं चाचपून पाहिलं. मग पुन्हा जवळ गेली, पुन्हा मागे आली. अशा किती फेऱ्या केल्या ते मी मोजलं नाही, पण मागे उभ्या असलेल्या मॅडम "चला, चला" म्हणत होत्या आणि मी त्यांना हळूच थांबवलं. त्या मुलीला आरसा कुठे उलटा करतो ती जागा सापडली होती. तिनं तिथे फरशीवर आपली चप्पल काढून खूण म्हणून ठेवली.

घरी गेल्यावर तिला स्टीलचा मोठा डाव द्या, असं मी तिच्या आईला सांगितलं. डावाच्या खोलगट बाजूत चेहरा उलटा दिसतो, पाठीच्या फुगीर बाजूत सुलटा पण बारका. सहल अशी स्वयंपाकघरापर्यंत पोचली पाहिजे.

डायनासोर पाहताना हे नक्की सांगा

केंद्राच्या बागेत डायनासोरचे पुतळे आहेत. लेकरं तिकडेच आधी पळतात, पळू द्या. पण तिथे त्यांना एक गोष्ट सांगा, जी ऐकून मोठी माणसंही थांबतात. डायनासोर हे फक्त टीव्हीतले, परदेशातले प्राणी नव्हेत. ते आपल्या विदर्भात होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत त्यांची हाडं दगड होऊन पडलेली सापडली, आणि हाडांसोबत त्यांचं शेणही. दगड झालेलं शेण! शास्त्रज्ञांनी ते फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात गवताचे अतिसूक्ष्म कण मिळाले. हे २००५ साली जाहीर झालं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गवत होतं आणि डायनासोर ते खात होते, हा पुरावा जगाला आपल्या मातीतून मिळाला.

शेणाचं नाव काढलं की सगळी लेकरं खिदळतात. खिदळू द्या, विसरणार नाहीत. ज्याच्या घरी गोठा आहे त्या पोराला लगेच कळतं, की शेण बघितलं म्हणजे जनावरानं काय खाल्लं ते समजतं. त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

तारांगणाचा अंधार

तिथल्या तारांगणात गोल घुमटावर आकाश दिसतं. मोठ्यांना फार आवडतं. पण तीन-चार वर्षांचं लेकरू एकदम अंधार झाला की घाबरतं, आणि एक रडलं की रांगेनं सगळी रडतात. आम्ही आदल्या दिवशीच घरच्यांना सांगतो : रात्री लेकराला अंगणात घेऊन बसा, वर चांदण्या दाखवा, आणि "उद्या असंच अंधारात खुर्चीवर बसून बघायचं आहे" म्हणा. लाइट गेल्यावर आपण घाबरत नाही, तसंच. एवढ्यानं फरक पडतो. तरी ज्याला नको असेल त्याला जबरदस्ती करू नका. मी त्याच्यासोबत बाहेर बागेत बसते.

ज्यांना गाडी-इंजिनाचं वेड आहे त्यांच्यासाठी

दुसरा पर्याय, आणि माझा स्वतःचा आवडता, कडबी चौकाजवळ मोतीबागेतलं नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं, रेल्वे संग्रहालय. २००२ मध्ये उघडलं. जुनी वाफेची इंजिनं, डबे, सिग्नल, आणि लेकरांना बसायला छोटी गाडी.

आपल्या भागासाठी याचं महत्त्व वेगळं आहे. नागपूर–उमरेड–भिवापूर–नागभीड ही आपली छोटी गाडी २०१९ पर्यंत धावत होती. आज जे लेकरू चार-पाच वर्षांचं आहे त्यानं ती पाहिलीच नाही, आणि त्याच्या आजोबांचं अर्धं आयुष्य तिच्यात गेलं. मिरचीची पोती, बाळंतिणीची माहेरची वाट, कॉलेज, कोर्टाच्या तारखा, सगळं त्या गाडीनं. म्हणून या सहलीला आजी-आजोबांना आणा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. आजोबांसाठी आम्ही पुढची सीट राखतो. मागच्या हिवाळ्यात एका आजोबांनी डब्याच्या पायरीवर पाय ठेवून दाखवला, की चालत्या गाडीत ते कसे चढत. लगेच म्हणाले, "तुम्ही असं करायचं नाही बरं." नातवंडं त्या पायरीवरून हलायला तयार नव्हती.

या सहलीला आम्ही गाडीत दोन सुतळ्या ठेवतो. एक अडीच फुटांची, म्हणजे छोट्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. दुसरी साडेपाच फुटांची, म्हणजे मोठ्या गाडीचं, १,६७६ मिलिमीटर. लेकरं दोन्ही सुतळ्या जमिनीवर ताणून त्यांच्या शेजारी झोपून पाहतात. दुसरीतला मुलगा लांब सुतळीत मावतो, आखूड सुतळीबाहेर त्याचे पाय जातात. परत आल्यावर शाळेच्या पटांगणात चुन्यानं हे दोन्ही रूळ आखा. खऱ्या रुळांकडे मात्र लेकरांना मुळीच नेऊ नका.

अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, तोही चांगला, दीडशे वर्षांहून जुना. पण तिथे बहुतेक वस्तू काचेमागे आहेत, तेव्हा तिसरी-चौथीनंतर न्या. अजब बंगला आणि रेल्वे संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात, सहलीचा वार धरताना हे लक्षात ठेवा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्या दिवशी विज्ञान केंद्राची सहल आम्ही घेत नाही. गर्दीत लहानांना काही दिसत नाही, फक्त लोकांचे गुडघे दिसतात.

वाटेत मळमळ

भिवापूरहून उमरेड, पाचगाव, दिघोरी नाका करत विज्ञान केंद्रापर्यंत साधारण पाऊणशे किलोमीटर होतात. लेकरं सोबत असली की आम्ही दोन तास धरतो. एवढ्या वाटेत एखाद्याला तरी उलटी होतेच. कारण असं, की गाडी हलते हे कानाच्या आतल्या भागाला कळतं, पण डोळे मोबाईलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर असले की ते सांगतात, काहीच हलत नाही. दोघांचं जमत नाही आणि पोट बिघडतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हे जास्त होतं. उपाय सोपा : मोबाईल देऊ नका, पुढे बसवा, लांबचं झाड नाहीतर डोंगर बघायला लावा. सकाळी उपाशी आणू नका आणि दूध पाजून तर अजिबात आणू नका. अर्धी पोळी, थोडे मुरमुरे, बस. आलेपाक आम्ही ठेवतो. पिशव्या, ओले फडके आणि जुनं धुतलेलं एक-एक कपड्याचं जोडही गाडीत असतं, तेव्हा उलटी झाली म्हणून लेकरावर ओरडू नका. त्याला आधीच वाईट वाटलेलं असतं.

डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, कोहळ्याचे बोंड, असं हातात धरून खाता येईल ते द्या. रस्सा नको, चिप्सची पाकिटं नकोत. पाण्याची बाटली लेकराला स्वतः उघडता येईल अशी हवी. हे घरीच करून बघा, कारण वीस लेकरांच्या बाटल्या मी एकटी उघडू शकत नाही. नवे बूट घालू नका. रोजचीच चप्पल, पण मागून पट्टा असलेली.

मोजणी

त्या झोपलेल्या पोरापासून आमचा हा नियम पक्का आहे. चढताना, उतरताना, आत जाताना, बाहेर येताना, प्रत्येक वेळी डोकी मोजायची, आणि दोघांनी वेगवेगळी मोजायची. आकडे जुळले नाहीत तर गाडी हलत नाही. प्रत्येक लेकराच्या मनगटाला आम्ही रंगीत फीत बांधतो आणि तिच्या आतल्या बाजूला घरचा फोन नंबर लिहितो. नाव बाहेरून दिसेल असं लिहीत नाही, कारण नावानं हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर लेकरू लगेच विश्वास ठेवतं. दर पाच लेकरांमागे एक मोठं माणूस हवं, आणि ते माणूस फोटो काढण्यात गुंतलेलं नसावं. सहाला एक, आठला एक अशी मागणी आली तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

मांडीवरचं लेकरूही आम्ही एक सीट धरूनच मोजतो. "दोन बारके एका सीटवर बसतील" हे आमच्या गाडीत होत नाही. त्यामुळे भाडं इतरांपेक्षा थोडं जास्त वाटेल, आणि ते का जास्त आहे हे विचाराल तर आम्ही हिशेब कागदावर मांडून दाखवू.

कधी निघायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. आपल्या उन्हाळ्यात लहान लेकरांची सहल आम्ही घेत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. सकाळी साडेसातला निघायचं, म्हणजे लेकराची झोप मोडत नाही आणि हुडहुडीही थोडी ओसरते. दहाच्या सुमारास आत, एकला डबा, मग बागेत मोकळं खेळणं, तीनला परत. गाडीत सगळी झोपतात. अंधार पडायच्या आत घरी.

सहल ठरवायला किमान आठ दिवस आधी दुकानावर या. शाळेची सहल असेल तर पालकांची संमतीपत्रं गुरुजींनी आधी गोळा करावीत. कोणाला दमा, फिट किंवा कशाची ॲलर्जी असेल तर ते लाजून लपवू नका, मला बाजूला घेऊन सांगा. तिकिटांचे दर आणि वेळा आम्ही आदल्या दिवशी संग्रहालयात फोन करून पक्क्या करतो आणि रात्री तुम्हाला कळवतो. तिकिटाची पावती तुमच्याच हातात मिळेल.