बाग उपटल्यावर उरणारा प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग आला की रोगट रोपं मुळासकट उपटावी लागतात. नुकसानीचा पंचनामा तलाठी करतो. पण त्यानंतर साठीचा बागायतदार ओट्यावर बसून ‘आता कशासाठी करायचं?’ असं रोज म्हणू लागला, तर घरचे म्हणतात, ‘नाना, पुढच्या वर्षी लागवड करू ना!’ नानांचा प्रश्न लागवडीचा नसतोच. अस्तित्ववादी मानसोपचार, म्हणजे जगण्याच्या मूळ प्रश्नांवर बोलून केली जाणारी थेरपी, सुरू होतो तो इथून.

त्याआधी एक तपासणी मात्र चुकवू नये. थायरॉइड बिघडलं किंवा बी १२ कमी पडलं, तरी मरगळ अशीच येते. उदासी, झोप-भूक बिघडणं, कशातच रस नसणं हे दोन आठवडे टिकलं, तर नैराश्याची शंका घेऊन मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. औषध चालू असताना ही थेरपी घेता येते.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अर्व्हिन यालोम यांनी १९८० मध्ये या पद्धतीची मांडणी चार गोष्टींभोवती केली: मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपणा आणि अर्थहीनता. यांची भीती प्रत्येकालाच असते आणि ती समूळ जात नाही. ती टाळण्यासाठी माणूस जे करतो, उदाहरणार्थ दारू, सतत काम किंवा मुलांवर पाळत, त्यातून त्रास वाढतो.

प्रत्यक्ष बैठक साधारण ५० मिनिटांची, आठवड्यातून एकदा. समुपदेशक विचारतो, ‘नाना, बागेबरोबर नेमकं काय गेलं?’ पहिलं उत्तर पैशाचं येतं. थोडं थांबलं की दुसरं येतं: ‘गावातली पोरं खताचं विचारायला यायची. आता कोणी येत नाही.’ म्हणजे गेली ती जाणत्या माणसाची जागा. मग पुढचं काम छोटं आणि ठोस असतं. ते जाणतेपण बागेशिवाय कुठे वापरता येईल? या आठवड्यात कोणाकडे जाणार, कोणत्या दिवशी? पुढच्या बैठकीत त्याचीच विचारपूस होते.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, समुपदेशक कीर्तनकार होतो आणि अर्थ स्वतःच सांगून टाकतो. दोन, ‘निवड तुमची’ हे वाक्य दोषारोपासारखं वापरलं जातं. केळीचा भाव आणि विषाणू नानांनी निवडलेले नाहीत. त्यांच्या हातात आहे ते पुढचं पाऊल, तेही कर्जाच्या मर्यादेत. हा फरक न कळणाऱ्या समुपदेशकाकडे न गेलेलंच बरं.

याच परंपरेतले व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल यांची एक युक्ती निद्रानाशावर आजही वापरतात: दिवा मालवून पडायचं, पण मोबाईल न बघता डोळे उघडे ठेवून जागं राहायचा प्रयत्न करायचा. झोपेसाठीची धडपड थांबली की ताण उतरतो.

या थेरपीच्या सगळ्या शाखांचा पुरावा सारखा नाही. कर्करोग बळावलेल्या रुग्णांसाठी न्यूयॉर्कमध्ये आखलेला, जगण्याचा अर्थ शोधण्यावर बेतलेला ७ बैठकांचा वैयक्तिक आणि ८ बैठकांचा गटाचा कार्यक्रम चाचण्यांत उपयोगी ठरला. नुसत्या तात्त्विक गप्पांच्या बाजूने फारसं काही हाती नाही.

माणूस मरणाची भाषा बोलू लागला, तर ही थेरपी बाजूला ठेवावी. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नये, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावावा आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवावं.