गिटारचा आवाज फोटोत दिसतो

इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन शोधायला लागलं की आधी लाकडाची वर्णनं समोर येतात. 'महोगनी बॉडी, त्यामुळे उबदार टोन', 'बासवूड, त्यामुळे संतुलित टोन'. आमच्या इमारतीतला एक मुलगा पंधरा हजारांच्या आतली गिटार शोधतोय आणि त्याचा सगळा वेळ या लाकडांची तुलना करण्यात चाललाय. त्याला हवी ती मॉडेल्स नाशिकच्या दुकानांत वाजवून बघायला मिळाली नाहीत, तेवढ्यासाठी मुंबईला खेपा घालणं परवडत नाही, म्हणून सगळी भिस्त वर्णनावर. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो: आवाजाचा बराचसा अंदाज फोटोवरून येतो. बघायचं ते लाकडाकडे नाही, पिकअपच्या जागेकडे.

साध्या गिटारमध्ये लाकडी पाटा थरथरतो, हवा हलवतो, म्हणून तिथे लाकूड महत्त्वाचं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ॲम्प्लिफायरकडे जातो तो विद्युतसंकेत, आणि तो तयार होतो तारांखालच्या पिकअपमध्ये. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत मोटार रिवाइंडिंगवाले वापरतात तशीच इनॅमल चढवलेली तार, फक्त केसाइतकी बारीक. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं, शाळेत शिकलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. लाकडाचा वाटा अगदी शून्य नसतो. बॉडी आणि नेक, म्हणजे जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती दांडी, किती ताठ आहेत यावर तार किती वेळ घुमेल हे थोडंफार ठरतं. पण पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, पोलाद ऐकू येतं. नायलॉनची तार लावली तर तो मुकाच राहील.

    

आता पिकअपच्या जागेचं गणित. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की नीट लावलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तार एकाच वेळी मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशीही थरथरत असते, आणि हा गंधार पाचपट कंपनाचा. यातल्या प्रत्येक कंपनाचे तारेवर निस्पंद बिंदू असतात, तिथे त्या कंपनापुरती तार स्थिर असते. पिकअप नेमका निस्पंद बिंदूखाली आला, तर तो स्वर त्याला जवळजवळ कळतच नाही.

स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध मॉडेलच्या घडणीच्या गिटारवर एकाहून जास्त पिकअप असतात आणि तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. नेककडचा पिकअप ब्रिजपासून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथून) साधारण १६२ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर पाव लांबीवर बसतो. मोकळ्या तारेच्या चौपट आणि आठपट कंपनाचे निस्पंद बिंदू तिथेच येतात, म्हणून ते दोन्ही स्वर गळतात. ब्रिजकडचा पिकअप सुमारे ४० मिलिमीटरवर. तिथे आठपट कंपन सर्वांत जोरात असतं, तर मूळ कंपनासाठी तार नेककडच्या मानाने जेमतेम पाव भागाएवढी हलते. तार तीच, लाकूड तेच. एकीकडून गोल, भरीव आवाज येतो, दुसरीकडून कडक आणि धारदार. पाचव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या पाचव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, बोट ठेवलं की तारेची लांबी ४८६ मिलिमीटर उरते, १६२ हा तिचा तिसरा भाग होतो, आणि आता तिप्पट स्वर गळतो. बाराव्या फ्रेटवर तर पिकअप उरलेल्या तारेच्या मधोमध येतो, सगळे समपट स्वर मंदावतात आणि आवाज पोकळ होतो. पिकअपला थोडी रुंदी असते, त्यामुळे कुठलाच स्वर पूर्ण नाहीसा होत नाही. पण मला या वाद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते की प्रत्येक फ्रेटवर गळणीची जागा बदलते.

म्हणून फोटो नीट बघा. २४ फ्रेटची गिटार असेल, तर शेवटचा फ्रेट नेमका पाव लांबीवर येतो, पिकअपला ती जागा मिळत नाही आणि तो ब्रिजकडे सरकतो. तिचा नेककडचा आवाज थोडा कमी गोल असणार. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतो. हंबकरमध्ये दोन वेटोळी अशी जोडलेली असतात की गुणगुण एकमेकींना छेदते आणि तारेचा संकेत मात्र वाढतो. ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, कॉम्प्युटर यांच्या गराड्यात वाजवणार असाल आणि भर डिस्टॉर्शनवर (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजावर) असेल, तर हंबकरच घ्या.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे नेक आणि फ्रेट. स्वस्त गिटारवरही फ्रेटच्या खाचा यंत्राने अचूक पडतात. पण फ्रेट एका पातळीत घासणं, त्यांची टोकं गोल करणं, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा योग्य खोलीच्या करणं हे वेळखाऊ हातकाम आहे, आणि किंमत उतरवताना त्यालाच कात्री लागते. त्यामुळे परत करण्याची मुदत देणाराच विक्रेता निवडा आणि बजेटमधले थोडे पैसे सेटअपसाठी, म्हणजे कारागिराकडून गिटार नीट जुळवून घेण्यासाठी, बाजूला ठेवा.

खोकं आलं की आधी नेकच्या कडेवरून तळवा फिरवा. लाकूड आडवं आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही. नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये टोकं बोचू लागतात. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून कुठे खरखर किंवा मेलेला सूर आहे का ते ऐका. बाराव्या फ्रेटवर तारेला हलकेच स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा सरकता तुकडा) मागे घ्यायचं, उतरा असेल तर पुढे. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्डाएवढी फट दिसली तर नेक ठीक आहे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नका, आणि पावसाळा लागला की हीच फट पुन्हा तपासा.