सांध्यावर हो, पुलावर छे!

भुसावळात रेल्वेचं कोडं घातलं की उत्तर द्यायला सगळेच पुढे. परवा ओट्यावर मी ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांच्या १९६७ सालच्या कोड्याचं प्रचलित रूप सांगितलं. ब्रेक निकामी झालेली गाडी सुटलीय, रुळावर पाच मजूर आहेत. सांधा बदलला तर ती बाजूच्या रुळावर जाईल, तिथे एकच जण आहे. बदलाल? बहुतेक हो म्हणाले. मग १९७६ सालची अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांची भर घातली: तुम्ही पुलावर आहात, शेजारच्या जाड्या माणसाला खाली ढकललं तरच गाडी थांबेल. “छे छे!”

हिशेब तोच, एकाच्या बदल्यात पाच. परिणाम मोजणारं इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचं घराणं दोन्हीकडे होच म्हणेल. जर्मन तत्त्वज्ञ कांट पुलावर हात धरेल: माणसाला नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही.

मला वेड लावलं ते पुढच्या गोष्टीनं. अमेरिकन संशोधक जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून असेच प्रश्न विचारले. ढकलण्यासारख्या प्रश्नांना मेंदूतले भावनांशी निगडित भाग जास्त जागे झाले. पण हे यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतं. त्या भागामुळेच नकार आला, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून २००७ चा अभ्यास मोलाचा. कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणींच्या वर, मध्यरेषेलगत मेंदूचा एक भाग असतो, अधोमध्य पूर्वललाट बाह्यक. ते दोन्ही बाजूंनी निकामी झालेले सहा रुग्ण तपासले. बुद्धी शाबूत, पण भीषण चित्रं पाहूनही त्यांच्या त्वचेच्या विद्युतवाहकतेत फारसा फरक पडत नव्हता, म्हणजे तळहाताला घाम फुटत नव्हता. ‘ढकला’ म्हणण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा बरंच जास्त निघालं. आपला हात आखडतो त्यात या भागाचा वाटा आहे.

यावरून कांट चुकला असं मुळीच ठरत नाही. मेंदू काय करतो यातून आपण काय करावं हे आपोआप निघत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकातच बजावलंय. आणि मेंदूची रंगीत चित्रं टांगून, बोटांच्या ठशांवरून मुलांचा स्वभाव सांगत आईबापांचे पैसे उकळणाऱ्यांचा या संशोधनाशी काडीचाही संबंध नाही.

ओट्यावरचे एक निवृत्त गँगमन काका मात्र उत्तरच देईनात. “पाच जण रुळावर कामाला, मग शिट्टी घेऊन गाडीकडे बघणारा कुठे होता? आम्ही तो उभा केल्याशिवाय रुळाला हात लावत नव्हतो.”

हे ॲरिस्टॉटलचं घराणं: आधी माणसाच्या अंगी कोणत्या सवयी बाणल्यात ते बघा. कोडं घालणाऱ्या फूट यांनीही पुढे आयुष्यभर सद्गुणांचाच विचार केला.