नर्सरीतली झाडं माशांच्या टँकमध्ये: ही भानगड आली कुठनं?

कोल्हापुरात माशांच्या दुकानात टँकमध्ये लावायला म्हणून जी झाडं मिळतात ना, त्यातली बरीचशी मुळात कुंडीतली असतात. ड्रासेना, सिंगोनियम, लकी बांबू, ते खालनं जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस. पहिले काही आठवडे नाद खुळा दिसतात, मग खोड बुडातनं बुळबुळीत व्हायला लागतं, पानं पिवळी पडून सुटतात, पाण्याला वास मारतो आणि माणूस दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत बसतो. आणि शेजारच्याच घरात कुणीतरी मनी प्लांटची फांदी टँकच्या काठाला अडकवलेली असते ती पार खिडकीच्या ग्रिलवर चढलेली. दोन्ही झाडं नर्सरीतलीच, मग एक सडतं आणि एक माजतं असं का? ते कळायला जरा मागं जावं लागतं, तेही लंडनपर्यंत.

खरं तर कुंडी आणि टँक ही सख्खी भावंडं आहेत. १८२९ साली लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं एका पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली, पतंगाचं राहिलं बाजूला, त्या मातीत नेचा (फर्न) उगवला आणि पाणी न घालता टिकला. शहरातल्या कोळशाच्या धुरात त्याच्या बागेतले नेचे मरत होते, त्यामुळं त्याला यातली गंमत लगेच कळली. त्यातनं काचेच्या बंद पेट्या आल्या, त्यात घालून झाडं बोटीनं जगभर फिरायला लागली, चीनमधला चहा हिंदुस्थानात आला तोसुद्धा अशाच पेट्यांतनं. आज आपल्या नर्सरीत पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटाचा मनी प्लांट, आफ्रिकेतला लकी बांबू आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतलं सिंगोनियम शेजारी शेजारी बसलेत, या देशोदेशीच्या झाडांच्या धंद्याला खरा वेग दिला तो त्या पेट्यांनी.

१८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या केमिस्टनं पेटीत मातीऐवजी पाणी भरलं. दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया, म्हणजे ती लांब रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती. पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळलं. झाड ऑक्सिजन देतं, मासा खत देतो, गोगलगाय झाडू मारते, असा त्याचा हिशोब. १८५३ मध्ये लंडनच्या झूमध्ये फिश हाउस उघडलं आणि मग घराघरात टँकचं खूळ पसरलं. पण वॉरिंग्टननं निवडलेलं झाड पाण्याखालीच जगणारं होतं, हे नंतर लोक सोयीनं विसरले. हिरवं आहे ना, मग ऑक्सिजन देणारच, टाका टँकमध्ये!

त्यात अजून एक घोळ आहे आणि माझ्या मते फसवणुकीला खरी जागा तिथनंच मिळते. अस्सल अ‍ॅक्वेरियमची झाडंसुद्धा नर्सरीत बहुतेक वेळा पाण्याबाहेरच वाढवतात. डेन्मार्कची ट्रॉपिका ही कंपनी १९७० पासून हा धंदा करतेय, मुळं खताच्या पाण्यात आणि पानं दमट हवेत. कारण साधं आहे, कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा साधारण १०,००० पट हळू पसरतो, त्यामुळं झाड बाहेर भराभर वाढतं, शेवाळ नाही, गोगलगाय नाही. एकिनोडोरस, क्रिप्टोकोरीन ही मुळात दलदलीतली, पावसाळ्यात बुडणारी आणि उन्हाळ्यात उघडी पडणारी. घरी टँकमध्ये लावली की जुनी पानं गळतात आणि पातळ, पाण्यातली नवी पानं येतात. ड्रासेनाला ही पानं बदलायची कला येतच नाही, पण दुकानात दोन्ही सारखीच टवटवीत दिसतात, गिऱ्हाईकानं ओळखायचं कसं?

मनी प्लांटची गोष्ट वेगळी, कारण त्याची पानं हवेतच असतात. पांढरी मुळं तेवढी पाण्यात लोंबतात, गप्पीची पिल्लं त्यात लपतात, आणि माशांच्या घाणीतनं तयार झालेला नायट्रेट, म्हणजे झाडाचं खतच, झाड ओढून घेतं. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये झाडांच्या टँकवरच्या पुस्तकात हा मुद्दा नीट मांडला, ज्या झाडाला हवेतला कार्बन मिळतो ते बुडालेल्या झाडापेक्षा जोरात वाढतं आणि पाणी जास्त साफ करतं. पीस लिली, सिंगोनियम यांचंही तसंच, मान वर आणि पाय पाण्यात ठेवा.

आणि आपल्याकडं बघायचं तर नर्सरीच्या औषधी झाडांच्या कोपऱ्यात जी ब्राह्मी असते, लहान पण जाडसर पानांची, पेरापेराला मुळं सोडणारी, तीच जगभर बकोपा म्हणून अ‍ॅक्वेरियममध्ये विकली जाते आणि ती पूर्ण बुडवली तरी चालते. फक्त ब्राह्मी म्हणूनच गोल पानांची मंडूकपर्णी पण खपवतात, ती ओल्या बांधावरची, बघून घ्या. वेखंड काठावर ठेवा, पूर्ण बुडवलं तर हळूहळू खंगतं. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, टँकमध्ये पाणी मस्त साफ ठेवतं, पण तेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये शोभेचं झाड म्हणूनच आलं होतं आणि पंचगंगेचं काय झालंय ते आपण बघतोच, तेव्हा जास्त झालेलं रंकाळा तलावात नेऊन टाकू नका, वाळवून कंपोस्टला घाला.

कुंडीतलं झाड आणलं की माती पूर्ण धुवायची, खताचे ते बारीक गोळे वेचून काढायचे, आणि काही आठवडे वेगळ्या बादलीत ठेवायचं, कारण नर्सरीत कीटकनाशक मारलेलं असतं आणि झिंग्यांना त्याचा जरासा अंशही पुरतो.